एका आठवड्यातल्या दोन परीक्षा

माझ्या थोरल्या बहिणीच्या एकाच आठवड्यात दोन परीक्षा झाल्या. पहिलीत ती सर्वांच्या मते उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली, दुसरीत नापास. दुसरी मी घेतली होती.

स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं झाली असतील. वडील पनवेलच्या एका भातगिरणीत होते. कापणी झाली की आसपासच्या गावांतून भाताच्या गाड्या येत आणि गिरणीपासून खाडीच्या रस्त्यापर्यंत रांगेनं उभ्या राहत. वडील प्रत्येक गाडीतलं मूठभर भात तळहातावर चोळत, फुंकर मारत, एक दाणा दाताखाली धरत आणि निकाल देत: हळवं, निमगरवं, गरवं. हळवं लवकर पिकतं, दसऱ्याच्या सुमारास कापणीला येतं. गरवं सावकाश, दिवाळीनंतर. निमगरवं अधलंमधलं. त्यांच्या निकालावर कोणी गाडीवाला वाद घालत नसे, त्यामुळे माणसांचंही असंच असतं अशी त्यांची हळूहळू खात्री झाली होती. मी हळवी होते. ताई गरवी.

ताई चोवीस वर्षांची होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला साडी नेसता येई, पण निऱ्या आईला घालून द्याव्या लागत. चुलीशी बसे, पण चुलीशी तिला एकटी सोडत नसत. आणे-पैसे तिला कळत नसत. त्याच वर्षी आणे जाऊन नवे पैसे आले आणि ते गावात कोणालाच कळेनात, तेव्हा काही महिने ती सगळ्यांच्या बरोबरीला आली. अशा मुलीत एखादी अलौकिक कला असते असं वाचायला मिळतं. माझ्या बहिणीत नव्हती. तांदूळ निवडायला तिला आवडे, तासन्‌तास सुपाशी बसे, आणि तिनं निवडलेल्या तांदळात खडे निघत. वडील ते न बोलता ताटाच्या कडेला काढून ठेवत.

घरात तिच्याबद्दल कोणताही ठरावीक शब्द नव्हता. ती ‘साधी’ होती, ‘जरा सावकाश’ होती. बाहेरचे लोक शब्द वापरत. ते मी इथे लिहिले नसते, पण त्यांतलाच एक पुढे शास्त्रीय म्हणून मला शिकवण्यात आला, तेव्हा तो लिहावाच लागेल.

मी तेव्हा मुंबईला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात होते. पेणच्या एका शिक्षकाच्या घरून मला मागणी आली होती. मुलगा मला पसंत होता. त्या काळी मुलीनं हे बोलायचं नसे, म्हणून मी बोलले नव्हते, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. थोरली घरात असताना धाकटीचं लग्न करायचं नाही, हा नियमही सगळ्यांना माहीत होता. पेणची मंडळी माघापर्यंत थांबायला तयार होती. त्यापुढे नाही, असं त्यांनी फार सभ्य भाषेत कळवलं होतं.

म्हणून त्या दिवाळीच्या सुट्टीत ताईला बघायला जासईकडचा एक दुकानदार आला. बिजवर, वय चाळिशीच्या आतबाहेर, पहिली बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, दोन मुली. बरोबर त्याचे काका. माणूस शांत होता. त्याचा सदरा स्वच्छ होता, पण एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं. ते त्यानं स्वतःच लावलं असणार. काका मात्र पूर्ण अधिकारानं आले होते. त्यांनी आयुष्यात किती मुली पाहिल्या आणि त्यांतल्या किती ‘नापसंत केल्या’ हे चहा येण्यापूर्वीच सांगून झालं.

ताईची तयारी मी करून घेतली होती. काकांसारखी माणसं काय विचारतात हे मला माहीत होतं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आणि बाकी सगळ्याला ‘हो’. मान खाली ठेवायची. तीन दिवस मी काका झाले आणि तिनं उत्तरं दिली. तिला तो खेळ इतका आवडला की ती मला झोपेतून उठवून म्हणे, ‘‘काका, विचार.’’

प्रत्यक्ष कार्यक्रमात ती एकदाही चुकली नाही. स्वयंपाक येतो का? हो. शिवणटिपण? हो. मुलांची आवड आहे ना? हो. आमच्याकडे करमेल का? हो. काकांनी समाधानानं मांडीवर थाप मारली आणि वडिलांना सांगितलं की इतक्या मोजक्या बोलणाऱ्या मुली आता राहिल्या नाहीत, शिक्षणानं सगळ्यांची तोंडं सुटली आहेत. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्या मुलानं काहीच विचारलं नाही. तो बराच वेळ ताईच्या हातांकडे बघत होता. तिनं दोन्ही हातांनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं.

दोन दिवसांनी पसंतीचा निरोप आला. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त धरायचा होता. वडील त्या दिवशी गिरणीतून लवकर आले आणि म्हणाले, ‘‘अंगावर पडलं की येईल सगळं. गरवं आहे, पण दाणा चांगला आहे.’’

मला आनंद झाला. हे लिहून ठेवते, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

आमच्या ट्रेनिंग कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ होते. मे महिन्यातही कोट घालत. त्यांनी आम्हांला बुद्धीच्या पायऱ्या शिकवल्या होत्या. वर प्रतिभावंत, मग हुशार, मग सामान्य, आणि जमिनीखाली तीन: इडियट, इंबेसाइल, मोरॉन. त्यांनी स्वतः मराठी केलं होतं: जडमूढ, मूढ आणि अल्पमती. या शिव्या नसून शास्त्रीय संज्ञा आहेत, असं ते दरवेळी बजावत. वर्गातल्या मुली नंतर एकमेकींना याच शास्त्रीय संज्ञांनी हाका मारत. पायरी ठरवायची पद्धत अशी: पेटीतल्या वस्तू दाखवून ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरांवरून माणसाचं ‘मानसिक वय’ काढायचं, त्याला खऱ्या वयानं भागायचं आणि तक्त्यात बघायचं. खरं वय सोळाच्या वर असलं तर सोळानंच भागायचं, कारण बुद्धी सोळाव्या वर्षानंतर वाढत नाही असं तक्ता करणाऱ्याचं मत होतं. त्यानं आमच्या सरांना पाहिलं होतं की काय, असा मला संशय होता.

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकीनं पाच जणांची चाचणी घेऊन अहवाल लिहायचा होता. मी आळीतल्या चार मुलांची घेतली. पाचवा कोणी सापडेना, फटाके सोडून कोण येणार? ताई मात्र मी कॉलेजातून आणलेल्या चाचणीच्या पेटीभोवती घुटमळत होती. तिला त्यातले रंगीत मणी हवे होते.

ओटीवर बसलो. शेजारी आई नवं भात उन्हात पसरत होती. मण्यांची माळ चित्रातल्यासारखी ओवायला सांगितली, ताईनं लाल तेवढे ओवले. आकडे उलटे म्हणायला सांगितले, ती हसली. मग प्रश्न आले.

‘‘घराला आग लागली तर काय करशील?’’

‘‘आई येते.’’

‘‘तुझ्या हातून दुसऱ्याची वस्तू मोडली तर?’’

‘‘आई येते.’’

‘‘रस्ता चुकलीस तर?’’

यावर तिनं विचार केला. ‘‘मी जातच नाही,’’ ती म्हणाली.

सरांनी दिलेल्या उत्तरसूचीत आगीला ‘शेजाऱ्यांस बोलावीन’ आणि रस्त्याला ‘पोलिसांस विचारीन’ अशी उत्तरं होती. ‘आई येते’ला गुण नव्हते. मी बेरीज केली. साडेसहा वर्षं. सोळानं भागलं, तक्त्यात पाहिलं. मधली पायरी. अहवालाच्या शेवटच्या चौकटीत सुवाच्य अक्षरात मी लिहिलं: मूढ.

आईनं विचारलं, काय लिहितेस. मी म्हटलं, ताईच्या मनाचं वय काढलं. किती आलं, म्हणाली. मला गप्प बसता आलं असतं. पण नवीन विद्या शिकलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी साडेसहा सांगितलं आणि त्याचा अर्थही समजावून दिला.

आईचा हात भातावर थांबला. ती लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण भागाकारावाचून तिचं काही अडलं नाही. ‘‘मला नवव्या वर्षी दिलं,’’ ती म्हणाली. यापूर्वी तिनं हे वाक्य आमच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं, आणि पुढेही उच्चारलं नाही.

संध्याकाळी वडील आले तेव्हा तिनं त्यांना आकडा सांगितला. वडिलांना तो अतिशय आवडला. ‘‘साडेसहा? म्हणजे वाढतंय की! मी काय म्हणत होतो?’’ त्यांनी बोटांवर हिशेब केला: लग्नानंतर दहा वर्षांत साडेसोळा. चांगलं वय. मी मध्ये पडून सांगितलं की तसं नसतं, हे वय दरसाल एकानं वाढत नाही. पण गिरणीत माझ्या मताला जेवढी किंमत होती तेवढीच घरात होती.

आई म्हणाली, ‘‘दहा वर्षांनी पिकेल म्हणता?’’

‘‘पिकेल.’’

‘‘मग गरवं भात दसऱ्याला कोण कापतं?’’

तीस वर्षं गाडीवाल्यांना निरुत्तर करणाऱ्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा निरुत्तर झालेलं पाहिलं. मग ते नेहमीचं बोलले: शब्द दिलेला आहे, असं स्थळ पुन्हा येणार नाही, आपल्यामागे हिचं कोण, आणि शेवटी माझ्याकडे न बघता, धाकटीचं काय. उठून पाय धुवायला गेले.

आई माझ्याजवळ आली. तिनं विचारलं, साडेसहा वर्षांच्या मुलीचं लग्न लावलं तर सरकार पकडतं ना? मी सांगितलं की कायद्याला मनाचं वय चालत नाही, दाखल्यावरचं लागतं. ती म्हणाली, कायदा राहू दे, तुझं पुस्तक खरं की खोटं ते सांग.

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मला ठाऊक होतं. त्या चाचणीवर माझा विश्वास नव्हता. वर्गात तिच्यावर सर्वांत जास्त विनोद मीच केले होते. ज्या गावात पोलीस दिसला तर माणसं रस्ता बदलतात तिथे ‘पोलिसांस विचारीन’ हे शहाणपणाचं उत्तर कसं, असं मी सरांनाही विचारलं होतं आणि त्यांनी मला बसायला सांगितलं होतं. तेव्हा ‘पुस्तक खोटं आहे’ एवढंच मला म्हणायचं होतं. ते माझं खरं मत होतं. माघ महिना त्यावर अवलंबून होता. खरं मत आणि स्वतःची सोय इतकी चिकटून माझ्यापुढे पुन्हा कधी उभी राहिली नाहीत.

मी म्हणाले, ‘‘पुस्तकात बऱ्याच चुका आहेत.’’

‘‘असतील,’’ आई म्हणाली. ‘‘पुस्तकाचं जाऊ दे. ती तिथे गेली, आणि काही झालं, आणि ‘आई येते’ म्हणाली, तर कोण येणार?’’

ताई आत लाल मण्यांची माळ गळ्यात धरून आरशात बघत होती. पेटीतले मणी परत करायचे होते, पण ते तिच्याकडून काढून घेणं त्या दिवशी मला जमलं नाही.

चार दिवसांनी तो दुकानदार मुहूर्ताचं बोलायला एकटाच एस.टी.नं आला. वडील गिरणीत होते. आईनं पाणी दिलं आणि ती आत गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं, इतकंच. मी अहवालाचा कागद आणून त्याच्यापुढे ठेवला. बोलायला सुरुवात कशी करायची ते मला कळत नव्हतं. कागद पुढे करायला शिक्षण उपयोगी पडतं.

त्यानं सगळा वाचला. शेवटच्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, म्हणजे काय? मी सरांची व्याख्या सांगू लागले आणि मध्येच थांबले. मग निऱ्यांचं सांगितलं, चुलीचं सांगितलं, पैशांचं सांगितलं. ‘हो’ मी शिकवला होता, हेही सांगितलं.

तो म्हणाला, ‘‘माझी धाकटी पण साडेसहाचीच आहे.’’ त्यानं कागद माझ्याकडे परत सरकवला. ‘‘मला सांभाळणारी पाहिजे होती हो. तिसरी सांभाळायला कशी नेऊ? तिचेही हाल, पोरींचेही.’’

मी म्हटलं, आमची चूक झाली. तो नाही म्हणाला नाही. जाताना दारात वळून त्यानं सांगितलं, ‘‘काकांना यातलं काही कळू देऊ नका, ते चार गावांत बोलत सुटतील. मी पत्रिका जमत नाही म्हणून सांगतो.’’

अशा रीतीने दोष ग्रहांवर गेला. ग्रहांची त्याला ना नव्हती. निरोप आला तेव्हा वडिलांनी तो दोनदा ऐकून घेतला. पत्रिका त्यांनी स्वतः दोन ज्योतिष्यांकडून जमवून घेतली होती आणि ती कशी जमते हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग ताटातला एक खडा कडेला काढून ठेवला आणि जेवू लागले. त्यांनी मला त्याबद्दल कधीच विचारलं नाही. ‘गरवी’ हा शब्दही त्यानंतर घरात ऐकू आला नाही.

सरांकडून अहवाल परत आला. पाचव्या नमुन्यावर त्यांनी लाल शाईत लिहिलं होतं: उत्तरे एकसुरी, नोंद काळजीपूर्वक घेतलेली दिसत नाही.

पेणच्या मंडळींनी माघात दुसरीकडे केलं. मी पुढे लग्न केलं नाही. लोक यात त्याग शोधतात. मला तसं काही आठवत नाही. विचारायला आलेल्या दोघांना मी ताईबद्दल आधीच सांगितलं आणि ते पुन्हा आले नाहीत, यात माझं कर्तृत्व काय?

मला बेलपाड्याच्या शाळेत नोकरी लागली. रोज एस.टी.नं जायचं, पुढे चालायचं. शाळेत मिठागरावर काम करणाऱ्या एका बाईचा मुलगा होता, दोन वर्षं पहिलीतच. मी मोठ्या नाजूकपणे तिला समजावू लागले, तर तिनं मला मध्येच थांबवलं. ‘‘मना ठावं हाय, बाई. काय पोरं बघून शिकतात, काय सांगून शिकतात. आमचा हात धरून शिकतो. येल लागतो, पन शिकत नाय असा नाय.’’ आणि पाटी-दप्तर माझ्या टेबलावर ठेवून ती आगरावर निघून गेली, म्हणजे हात मी धरायचा.

पुढे शब्द बदलत गेले. सरांच्या तीन संज्ञा पुसल्या गेल्या, मंदबुद्धी आलं, मतिमंद आलं, त्यांनाही दुसऱ्या शब्दांनी उठवलं. आता पायऱ्या चार आहेत आणि त्यांची नावं हवामानखात्यासारखी आहेत: सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. नुसत्या आकड्यावरून पायरी ठरवू नये, माणसाला रोजच्या जगण्यात काय जमतं आणि किती आधार लागतो ते बघावं, असंही आता सांगतात. हे लिहिणाऱ्या विद्वानांना मी हसत नाही. फक्त ते वाचताना मला ती आगरावरची बाई आठवते, आणि मिठानं फुटलेले तिचे हात.

वडील गेले, आणि त्यानंतर तीन वर्षांनी, साठ साल उलटून गेल्यावर, आई गेली. ताईला मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी आईचं ताट मांडलं. पुढे कित्येक दिवस मांडत होती. मी ते उचलून ठेवत असे.

मी शाळेत गेले की तिला शेजाऱ्यांकडे बसवून जावं लागे आणि ती दिवसभर दारात उभी राहे. म्हणून मी तिला एक रस्ता शिकवायचं ठरवलं: घरापासून एस.टी. स्टँडपर्यंत, म्हणजे संध्याकाळी ती मला घ्यायला येईल. हात धरून शिकवला. गिरणीवरून सरळ, पिंपळाशी वळण, मग स्टँडचं बाकडं. पावसाळा संपल्यावर सुरुवात केली आणि होळी आली तरी मी दहा पावलं मागे चालतच होते. आळीतली माणसं म्हणत, बाई, कशाला जिवाला त्रास? एका संध्याकाळी मी बसमधून उतरले तर ती बाकड्यावर एकटी बसलेली होती, मांडीवर पिशवी. त्या दिवसापासून रोज.

त्यानंतर वर्षभरानं असेल, उधाणाच्या भरतीचं पाणी रस्त्यावर चढलं आणि आमची बस पलीकडेच अडकली. नेहमीपेक्षा दोन-अडीच तास उशीर झाला. पाणी ओसरेपर्यंत मी बसमध्ये उभी होते. बसायला जागा होती, पण बसवत नव्हतं. दिवेलागण होऊन गेली होती. ‘उशीर’ म्हणजे काय हे मी ताईला शिकवलंच नव्हतं. तिचा रस्ता एवढाच होता. त्याच्या पलीकडे काय करायचं, याचं तिच्याजवळ एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर आता स्मशानात होतं.

स्टँडवर बस लागली तेव्हा कंट्रोलर खिडकीतून बाहेर आला. भला माणूस होता, आमच्या घरचं सगळं त्याला ठाऊक होतं. तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘बाई, मी दोनदा विचारलं, घरी सोडू का. येत नाही म्हणाल्या. म्हटलं, बाईंची बस आली नाही तर काय करणार? तर म्हणतात, आई येते.’’ त्यानं बाकड्याकडे हात केला. ‘‘मग मी काही बोललो नाही. बसू दिलं.’’

ताई बाकड्याच्या टोकाला बसली होती, पिशवीचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरून. मला पाहून ती उठली. पिशवी माझ्याकडे दिली आणि माझा हात धरला.

‘‘उशीर केलास,’’ ती म्हणाली, आणि पिंपळाच्या दिशेनं मला घेऊन चालू लागली.